तारेतल्या झिणझिण्या

यामिनीच्या गिटारच्या तारेला मी टेस्टर लावला, तेव्हा त्यातला दिवा लागला. फार नाही. फिकट नारिंगी, नीट पाहिलं तरच कळेल इतका. ती वाकून त्याच्याकडे बघत राहिली.

"सुंदर दिखता है ना, काका?"

मी आधी भिंतीवरचं बटण बंद केलं, मग तिला समोर बसवलं. माझी सगळी नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेली. वीज सुंदर दिसायला लागली की माणसाने हात मागे घ्यायचा असतो, हे तिथे पहिल्या आठवड्यात शिकवतात.

निवृत्त झाल्यापासून मी समता कॉलोनीतल्या आमच्या घराच्या पडवीत मुलांना गिटार शिकवतो. छत्तीसगड वेगळं होऊन रायपूर राजधानी झालं, तशी गल्लीतली रिकामी घरं भराभर भाड्याने गेली. यामिनीचे वडील भोपाळच्या मंत्रालयातून इथल्या नव्या मंत्रालयात आले आणि आमच्या समोरच राहू लागले. घर मराठी, पण मुलगी वाढली भोपाळला. मी मराठीत विचारायचं आणि तिने हिंदीत उत्तर द्यायचं, असं आमचं ठरल्यासारखं होतं. अकरावीत होती. इतर मुलं सिनेमातली गाणी शिकायला यायची. तिने पहिल्याच दिवशी माझा अंगठा पाहिला आणि म्हणाली, "मुझे ये वाला सिखाइए."

'ये वाला' म्हणजे रॉकाबिली. मी बिलासपूरला असताना रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर दर शनिवारी वाजवायचे, त्यांच्याकडून मी ते उचललं. अमेरिकेतल्या खेड्यांमधलं गिटार आणि तिथल्या काळ्या लोकांचं ब्लूज पन्नास सालानंतर एकमेकांत मिसळलं, त्यातून ते निघालं म्हणतात. मुलांना मी एवढं सांगत बसत नाही. अंगठा म्हणजे इंजिन, असं सांगतो. जाड तारांवर तो एका चालीने जातो आणि काही झालं तरी थांबत नाही. बाकीची बोटं म्हणजे डब्यातले प्रवासी. त्यांनी गावं, भांडावं, खिडकीतून हात बाहेर काढावा. आणि तळहाताची कड खाली टेकवून ठेवायची, जिथे तारा धातूच्या पट्टीला बांधलेल्या असतात, बरोबर तिथे. त्याने आवाज दबतो, गाडीला वजन येतं. हे जमलं की एका गिटारमधून दोन माणसं ऐकू येतात. ज्या दिवशी जमतं, त्या दिवशी मूल मान वर करून आजूबाजूला बघतं, दुसरं कोण वाजवतंय म्हणून. त्या एका बघण्यासाठी मी शिकवतो.

यामिनीने फार लवकर मान वर केली. आणि मग तिला तेवढं पुरेना. जुन्या रेकॉर्डवर असतो तसा आवाज तिला हवा होता. प्रत्येक सूर एकदा वाजतो आणि लगेच मागच्या भिंतीवर आपटल्यासारखा एकदाच परत येतो, तसा. वडिलांनी इंदूरच्या एका वाजवणाऱ्याकडून जुनं पोकळ अंगाचं इलेक्ट्रिक गिटार आणि प्रतिध्वनीची मशीन आणून दिली. अॅम्प्लिफायर मात्र भनपुरीच्या भैय्यालालने बनवला. ट्रकवाल्यांचे टेप आणि लग्नातले भोंगे दुरुस्त करणारा माणूस. त्याने एका जुन्या व्हॉल्व्हच्या भोंग्याच्या मशीनमधून तो उभा केला. आवाज अप्रतिम निघाला. फक्त खाली सतत एक घरघर होती, माशी बाटलीत अडकल्यासारखी.

आणि एक दिवस घरघर थांबली. त्याच दिवशी मी टेस्टर लावला.

"भैय्यालालनं काय केलं याले?" मी विचारलं.

"मैंने बोला भनभन हटा दो. उन्होंने हटा दी."

मी प्लग उघडला. हिरवी तार कापून आत दुमडून ठेवली होती. अॅम्प्लिफायरचीही, मशीनचीही.

लहान मुलाला सांगावं तसं मी तिला सांगितलं. ही हिरवी तार म्हणजे अर्थिंग. आत कुठे वीज गळाली, तर तिला जमिनीत जायला ही मोकळी वाट असते. वाट बंद केली की वीज लोखंडी पेटीवर येते, पेटीवरून गिटारच्या तारेवर, आणि तिथे थांबून राहते. कोणाच्या अंगातून खाली जाता येईल, याची वाट बघत.

"अभी तो बस झुनझुनी आती है," ती म्हणाली.

"आज झिणझिण्या. आतला ट्रान्सफॉर्मर जुना आहे. तो ज्या दिवशी गेला, त्या दिवशी झिणझिण्या नाही येत, पोरी."

 ती तळहाताची कड चोळत हळूच म्हणाली, "पर काका, जब वो आती है ना, हाथ अपने आप चलता है. आप बजाके देखिए."

तिला घरी पाठवल्यावर मी ते पाहिलं. सामान माझ्याकडेच ठेवून घेतलं होतं. मी रबराची चप्पल घातली, कोरड्या लाकडी पाटावर पाय ठेवले, हे सांगायला हवं. कड पट्टीवर टेकवली. मनगटापर्यंत बारीक बारीक काहीतरी सरकत गेलं, जसं झाडावर हात ठेवला आणि मुंग्यांची रांग चढली. अंगठा सुरू झाला. आणि पोरगी खोटं बोलत नव्हती. सांध्यांत दुखणारी माझी बोटं अशी उचलली जात होती की जणू कोणी खालून ढकलतंय. घरघर नाही, नुसता सूर आणि त्याचं ते एकदाच परत येणं. कळलं तेवढ्यावर थांबायला हवं होतं. मी वाजवतच होतो.

"काहून जी," दारातून माझी बायको शारदा म्हणाली, "चहा थंडा होऊन राहिला. कोणाची बारात आली घरी?"

मी बटण बंद केलं. तळवा तिच्यापासून लपवला, का ते मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सामान स्कूटरवर बांधून मी भनपुरीला गेलो. भैय्यालाल ट्रकचा टेप उघडून बसला होता.

"मास्टरजी, इत्ता करंट तो सब में आता है," तो म्हणाला. "मेरी तो दुकान के शटर में आता है. ग्राहक जागता रहता है."

"तार जोड. माझ्यासमोर जोड."

"जोड़ देता हूँ. बिटिया फिर रोएगी, फिर आप मेरे को बोलना मत."

त्याने जोडली. टेस्टरचा दिवा लागला नाही. घरघर परत आली. यामिनीने ती ऐकली, गिटार मांडीवर घेतलं आणि शाळेतली मुलगी पाढे म्हणते तसं सगळं बरोबर वाजवून दाखवलं. एकही चूक नाही. कड पट्टीवर टेकली होती, पण ती तिथे काहीतरी शोधत असल्यासारखी सारखी हलत होती.

गणपतीत आमच्या मंडळात मुलांचा कार्यक्रम असतो. यामिनी वाजवणार आणि गाणारही होती. मी संध्याकाळी लवकर गेलो, प्लग पाहिला. तीन पिना, नवे स्क्रू, सगळं जागच्या जागी. दुपारी सर पडून गेली होती. मांडवातली सतरंजी ओली होती आणि तिला गोडसर कुबट वास येत होता. मी पुढच्या रांगेत लहान मुलांमध्ये बसलो.

यामिनीचं नाव पुकारलं. ती स्टेजच्या पायरीपाशी थांबली, वाकली आणि चप्पल काढली. समोर गणपती, चप्पल घालून कोण चढणार? मीही नसतो चढलो. ओल्या सतरंजीवर तिचे अनवाणी पाय उमटत गेले.

तिने अॅम्प्लिफायर सुरू केला. मी घरघरीची वाट पाहिली.

ती आली नाही.

माझ्या शेजारी एक बाई म्हणाली, "किती साफ आवाज आहे." अंगठा चालू झाला, धक-धक, धक-धक, आणि मागून त्याचा एकेक ठोका परत येऊ लागला. मुलं डोलायला लागली. इतकं चांगलं तिने कधीच वाजवलं नव्हतं. मांडवातल्या प्रत्येकाला ती मुलगी ऐकू येत होती. मला मात्र जे ऐकू येत नव्हतं तेवढंच ऐकू येत होतं. पिना जागेवर होत्या. या वेळी तार प्लगमध्ये नाही, पेटीच्या आत कापली होती.

आणि मग मला माइक दिसला. मांडववाल्याचा माइक, लोखंडी जाळीचा, त्याची अर्थिंग शाबूत. हातात वीज आलेली तार, आणि ओठ लावायचे ते जमिनीशी जोडलेल्या जाळीला. ती वाजवता वाजवता त्याच्याकडे एकेक पाऊल सरकत होती. पहिलं कडवं झालं की गायचं, असं मीच बसवून दिलं होतं.

ओरडलो असतो तर तिने मान पुढे करून विचारलं असतं, काय म्हणून. मी उठलो. मुलांच्या मांड्यांमधून, बायकांच्या पदरांवर पाय देत बाजूला गेलो. विजेच्या बोर्डाजवळ मांडववाल्याचा माणूस नत्थू स्टूल टाकून बसला होता.

"मास्टरजी, हाथ मत लगाना. सेठ मना किए हैं."

मी त्याला स्टुलासकट बाजूला सारलं आणि मुख्य खटका खाली ओढला.

सगळा मांडव अंधारला. गणपतीसमोरच्या दोन समया तेवढ्या राहिल्या.  मग त्या अंधारात गिटार ऐकू आलं, अॅम्प्लिफायरशिवाय, बारीक आणि कोरडं. अंगठा थांबला नव्हता. मी स्टेजच्या कडेला हात टेकून उभा राहिलो. 

लोक मला पुष्कळ बोलले. म्हातारा सटकला, असं एकजण म्हणाला. शारदाने त्याला त्याच्या आजोबांची आठवण करून दिली. यामिनी खाली आली तेव्हा मी फक्त तिचा हात मागितला. तळहाताच्या कडेवर भाजल्याचे लहान पांढरे ठिपके होते.

"कापून कोणी दिली?"

"भैय्यालाल भैया को बोला कि आपने परमिशन दी है." ती माझ्याकडे बघत नव्हती. "आज बहुत ज़ोर से आ रही थी, काका."

"आणि तरी माइककडे चालली होतीस."

"हव," ती मान डोलावत म्हणाली.

तिच्या वडिलांना मी सगळं सांगितलं. ते घाबरले, अॅम्प्लिफायर फेकायला निघाले. मी फेकू दिला नाही. न समजता फेकलेली वस्तू मुलं दुसरीकडून मिळवतात. मी पेटी उघडून तिला दाखवली, वीज कुठून येते, कुठे गळते, हिरवी तार कुठे बसते. ती तार तिने स्वतःच्या हातांनी बसवली. ट्रान्सफॉर्मर बदलून घेतला. तिने सगळं ऐकलं, एकदाही वाद घातला नाही, आणि त्यानंतर मी रोज वाजवण्याआधी टेस्टर लावायचो तेव्हा गिटार स्वतःहून पुढे करायची. दिवा कधी लागला नाही. घरघर असायची. ती म्हणायची, "आदत हो गई."

दिवाळीनंतर तिने गल्लीतल्या तीन लहान मुलांना शिकवायला घेतलं. मला बरं वाटलं. शिकवायला लागलं की माणूस जपून वागतो, असा माझा अनुभव. एका संध्याकाळी मी तिच्या पडवीत गेलो. दुसरीतली निधी ते मोठं गिटार मांडीवर घेऊन बसली होती, हनुवटी लाकडावर टेकलेली. घरघर चालू होती. मी टेस्टर लावला. नाही लागला.

"कड खाली टेकव," मी निधीला सांगितलं. "हं, तिथेच. आता इंजिन."

तिचा चिमुकला अंगठा हलला. एकदा, दोनदा, मग चाल धरली. छान धरली. पण तिने मान वर करून आजूबाजूला पाहिलं नाही. ती आपल्या तळहाताकडे बघत होती, अगदी लक्ष लावून, श्वास रोखून.

"दीदी," तिने विचारलं, "झुनझुनी कब आती है?"

यामिनीने माझ्याकडे पाहिलं. मग निधीच्या हाताकडे. ती काय उत्तर देते, म्हणून मी थांबलो, आणि बाकीची दोन्ही मुलंही थांबली.