पास झाल्याची बुंदी

गोदामातून घरी आले तर गल्लीत बुंदी वाटणं चालू होतं, आणि वाटत होते आमचेच मामाजी. मामाजी म्हणजे माझे सासरे, नत्थूबाबा. धुतलेला सदरा, डोक्यावर पांढरी टोपी, हातात पुडा. समोरच्या घरात तर दोनदा देऊन झालं होतं.

"काय झालं मामाजी? कोनाचं लग्न जमलं?"

"आपला प्रशिक पास झाला वं सूनबाई! धंतोलीच्या दवाखान्यात. मॅडमनं लिहून देलं, पोराले काईच नाही म्हणून."

माझ्या हातातला डबा तिथेच ओट्यावर आपटला गेला.

ज्या तपासणीत माझ्या पोराची अडचण सापडावी म्हणून मी शाळेच्या पायऱ्या झिजवल्या, गोदामात सुट्ट्या मागून मुकादमाची बोलणी खाल्ली, त्या तपासणीत म्हणे पोरगं पास झालं.

प्रशिक नववीत. त्याची गंमत अशी की कानावर पडलेलं तो विसरत नाही. मामाजी दरवर्षी ऑक्टोबरात दीक्षाभूमीवर जातात आणि तिथल्या दुकानांतून एक पुस्तक आणतातच. स्वतः दुसरीपर्यंत शिकलेले, त्यांना जाड पुस्तक झेपत नाही. मग संध्याकाळी मी वाचायचं आणि त्यांनी ऐकायचं. दुसऱ्या दिवशी प्रशिक तेच पान आबाजींना, म्हणजे मामाजींना, जसंच्या तसं म्हणून दाखवतो. पण तेच पुस्तक त्याच्या हातात द्या, पहिल्या ओळीत घाम फुटतो. अक्षरं जागेवर थांबत नाहीत म्हणतो. लिहायला बसला की अर्धा पेपर कोरा. पेपर तपासणाऱ्याला काय, कोऱ्या पानाला शून्य.

त्याच्या वर्गशिक्षिका चारुलताबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. "मुलाला सगळं येतं हो, कागदावर येत नाही. तपासणी करून घ्या. दाखला मिळाला तर बोर्डात जास्त वेळ मिळतो, लिहायला लेखनिक मिळतो."

मुख्याध्यापक मार्तंड सरांचा हिशेब वेगळा होता. शाळेच्या फाटकावर फलक आहे, दहावीचा निकाल सलग शंभर टक्के. हे शंभर टक्के कसे होतात ते आमच्या वाडीत शेंबड्या पोरालाही माहीत आहे. जे पोरगं नापास होईल असं वाटतं, त्याच्या आईबापाला नववीनंतर बोलवायचं आणि गोड बोलून सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावायचा. म्हणजे पोराने बाहेरून दहावी द्यायची. नापास झालं तर ते शाळेचं नाही, आणि फलक जिथल्या तिथे. अशी किती पोरं त्या फलकाखालून बाहेर गेली आणि पुढे ट्रकांवर क्लीनर झाली, ते कुठल्या फलकावर लिहिलेलं नाही.

"धंतोलीचा अहवाल आणा," मार्तंड सर म्हणाले होते. "मुलात खरंच दोष असेल तर ठेवून घेतो. नसेल तर सतरा नंबर."

दोष! मी तेव्हा गप्प बसले, कारण अहवाल येणार होता.

तो आला. त्यात लिहिलं होतं, वाचन वयाला साजेसं, अस्खलित. अध्ययन अक्षमता आढळली नाही. अभ्यासात नियमितपणा आणि पालकांचं लक्ष हवं.

पालकांचं लक्ष! नवरा महिन्यातले निम्मे दिवस ट्रक घेऊन रायपूरच्या रस्त्यावर, आणि मी सकाळपासून दुसऱ्यांची पार्सलं उचलते. तरी या पोराच्या एकेका अक्षरावर माझं जेवढं लक्ष आहे, तेवढं त्या मॅडमने अर्धा तास दिलं असतं तर ही पाळी आली नसती.

"मामाजी," मी बुंदीचा पुडा त्यांच्या हातातून काढून घेतला. "प्रशिकनं वाचलं कसं?"

ते लाजले. अगदी नवऱ्या मुलासारखे. मग सगळं बाहेर आलं. आमच्या गल्लीत सुमंत सरांची ट्यूशन आहे. मागच्या वर्षी त्यांच्याकडचं एक पोरगं त्याच दवाखान्यात गेलं होतं. त्याच्या आईने वाचायच्या कार्डाचा आणि लिहायच्या शब्दांचा मोबाइलवर फोटो काढला. तिथे सगळ्या पोरांना तेच कार्ड देतात, हे सुमंत सरांना कळलं, आणि झाली तयारी सुरू. सर मोठ्याने वाचत, मामाजी प्रशिककडून म्हणवून घेत. लिहायचे शब्द पोराने चित्रं काढावीत तसे गिरवून गिरवून हातात बसवले. मी गोदामात असताना.

"टेस्ट म्हनजे टेस्ट," मामाजी म्हणाले. "तयारी करून नाही पाठवाचं का?"

"अहो, ही पास व्हाची टेस्ट नव्हती!"

"मंग काय नापास व्हाले पाठवलं होतं तू पोराले?" आता तेही चिडले. "माया बापानं शाळेचं दार बाहेरून पाह्यलं. माया घरचं पोरगं दवाखान्यात जाऊन बिनडोक म्हणून कागद घेऊन येईन? मी जित्ता असताना?"

बिनडोक. त्यांना कोणी समजावूनच सांगितलं नव्हतं. शाळेने नाही, दवाखान्याने नाही. पण तेव्हा माझ्यात समजावायचं त्राण नव्हतं. मी बुंदीचा पुडा फडताळात टाकला आणि धाडकन दार लावलं.

दुसऱ्या दिवशी मार्तंड सरांनी अहवाल वाचून माझं अभिनंदन केलं. "मुलगा नॉर्मल आहे. म्हणजे नुसता आळशी आहे." आणि ड्रॉवरमधून सतरा नंबरचा फॉर्म काढून माझ्यापुढे सरकवला. तयारच ठेवला होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फॉर्म तसाच टेबलावर ठेवून मी निघाले, प्रशिकला वर्गातून उठवलं, घरून मामाजींना घेतलं आणि सरळ धंतोली गाठली.

दवाखान्यात ही गर्दी. यवतमाळ, गोंदिया, कुठून कुठून माणसं आलेली, मांडीवर फायली. मामाजींना बाहेर बाकावर बसवून मी प्रशिकला घेऊन आत गेले. तपासणी करणाऱ्या लतिका मॅडम पुढच्या पोराची फाइल उघडून बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. काहीही लपवलं नाही.

"मग आता वर्षभर थांबा," त्या म्हणाल्या. "त्याच चाचण्या लगेच पुन्हा दिल्या तर निकाल खरा येत नाही."

"आता तरी कुठं खरा आला?"

"ते तुमच्यामुळे. पाठ करून तुम्ही आणलं आणि आवाज माझ्यावर चढवता?"

"चढवतेच! सगळ्या पोरांले एकच कार्ड काहून देता तुम्ही? ट्यूशनवाल्याच्या मोबाइलात तुमचं कार्ड फिरून राहिलं, तुम्हाले पत्ता नाही. वर्षभर थांबले तर माया पोराची दहावी जाते. हेडमास्तर फॉर्म काढून बसले आहेत!"

"हे पाहा," त्यांनी ड्रॉवरमधून कार्ड काढलं. कडा मळलेल्या, किती पोरांच्या हातातून गेलेलं. "ज्याला वाचता येत नाही तो असं घडाघडा वाचेल? माझ्यासमोर वाचलंय त्याने. वाच रे, आईला दाखव."

प्रशिकने कार्ड हातात घेतलं. माझ्याकडे पाहिलं. मग ते टेबलावर पालथं ठेवलं, कोरी बाजू वर करून. आणि त्या कोऱ्या बाजूवर डावीकडून उजवीकडे बोट फिरवत तो वाचू लागला.

"गावाबाहेर एक जुनी विहीर आहे. विहिरीच्या काठावर चिंचेचं झाड आहे. दुपारी त्या झाडाखाली गुराखी विसावा घेतात."

प्रत्येक वाक्याच्या शेवटी तो थांबत होता. ओळ संपली की बोट खालच्या ओळीवर नेत होता, जी तिथे नव्हतीच. शेवटपर्यंत म्हणाला, एक शब्द इकडचा तिकडे नाही. मग कार्ड उलटून मॅडमना नीट परत दिलं.

"आबाजी म्हनले होते चुकू नको," तो म्हणाला. "म्हणून नाही चुकलो."

मॅडमनी हातातली फाइल बंद केली. मग उठून कपाट उघडलं आणि एक नवं कोरं पाकीट काढलं. दुसरा संच. हाच वापरून फेरतपासणी करता येते म्हणे. कपाटात होता! कपाटात होता आणि माझं पोरगं आळशी ठरलं, कारण पाकीट फोडायचा कंटाळा.

"मी दुसरं कार्ड देऊन पाहायला हवं होतं," त्या म्हणाल्या. खिडकीकडे पाहून म्हणाल्या, पण म्हणाल्या.

या वेळी त्यांनी मला बाहेर काढलं नाही. प्रशिक दुसऱ्याच शब्दाला अडला. परत मागे गेला, परत अडला. कान लाल झाले, कपाळावर घाम आला. आणि मी, त्याची सख्खी आई, तिथे बसून तो चुकण्याची वाट पाहत होते. तो अडखळला की मला हायसं वाटत होतं आणि त्याच क्षणी स्वतःची शरम वाटत होती. पोराला शाळेत बसू द्या एवढंच मागायला गेलेल्या आईवर ही वेळ आणणाऱ्यांना मी कधी माफ करणार नाही.

"आई, इतकं चुकलो तर पुरते का?" अर्ध्यात त्याने विचारलं.

मॅडमनी सांगितलं, पुरे बाळा, पाणी पी.

तासाभराने आम्ही बाहेर आलो. मामाजी बाकावरून उठले. "झाला ना पास?"

"नापास झाला, मामाजी. वाचण्यात झाला, लिहिण्यात झाला. डोकं मात्र चांगलं तल्लख आहे म्हणते मॅडम. आता दाखला भेटीन, लेखनिक भेटीन."

मामाजी प्रशिककडे वळले. "तुले अक्षरं दिसतच नाहीत का गा?"

"दिसतात आबाजी. थांबत नाहीत."

"मंग मले सांगितलं काहून नाही?"

"तुम्ही खुश होते."

मामाजींनी टोपी काढली, तिनेच तोंड पुसलं आणि परत डोक्यावर ठेवली. बस येईपर्यंत नातवाचा हात त्यांनी सोडला नाही. वाडीला उतरल्यावर मी म्हटलं, "बुंदी घ्या मामाजी." त्यांना वाटलं मी टोमणा मारते आहे. "खरंच घ्या," मी म्हटलं, "मोठा पुडा."

बोर्डाला लागणाऱ्या सरकारी दवाखान्याच्या दाखल्यासाठी आणखी फेऱ्या झाल्या, तिथेही भांडले, पण दाखला घेऊनच आले. त्या दिवशी शाळेत जाताना बुंदी पुन्हा घेतली. मार्तंड सरांच्या टेबलावर सतरा नंबरचा फॉर्म अजून होता. त्यावरच मी पुडा ठेवला, आणि शेजारी दाखला.

"हे कशाबद्दल?" त्यांनी विचारलं.

"पोरगं नापास झालं, सर," मी म्हटलं. "तोंड गोड करा. आता दहावीले तुमच्याच शाळेतून बसते."