माशाची साक्ष

जिन्यापासून दारापर्यंत चपलांचा ढीग पडला होता. शेजारीपाजारी माना उंचावून आत डोकावत होते आणि आतून पट्ट्याचे फटके ऐकू येत होते.

"मेला! हात घातला आणि मासा मेला!" कुणीतरी ओरडलं.

ताई दातांची डॉक्टर. दुपारचे पेशंट टाकून माहेरी धावत आली होती. "लवकर ये, घरातला दोष आज सापडतोय," असा धाकट्या भावाचा फोन होता. कोपरं मारत ती गर्दीत शिरली आणि दारातच थिजली. भावजय फरशीवर गुडघ्यांवर बसलेली, ओठ फुटलेला. भावाच्या हातात कमरेचा पट्टा. लहानपणी सापळ्यातला उंदीर पाहून रडणारा तिचा भाऊ!

टेबलावर, घरातल्या रिकाम्या पडलेल्या माशांच्या टँकशेजारी, काचेचं भांडं होतं. त्यात एक लाल मासा आडवा तरंगत होता. मागे चेल्याला घेऊन पाणीबाबा बसले होते. दाढी मोठी, पोट त्याहून मोठं.

"मासा म्हणजे घराचा पहारेकरी!" बाबा गरजले. "घरावरचा घाव तो छातीवर झेलतो!" माशाला छाती कुठे असते, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. "या घरातले पहारेकरी एकामागून एक का पडले? कारण चोर घरातच आहे! सासूने हात बुडवला, मासा पोहत राहिला. मुलाने बुडवला, पोहत राहिला. आणि हिने बुडवला..."

"मेला!" गर्दीने वाक्य पुरं केलं.

"कबूल करेल तर मासा उठवतो. नाहीतर हात उकळत्या तेलात! खरी असेल तर भाजणार नाही."

स्वयंपाकघरात कढई चढलीच होती. आई पदराने डोळे पुसत होती, पण गॅस काही बंद करत नव्हती.

"कबूल कर ना गं!" भाऊ किंचाळला. "का मला हात उचलायला लावतेस?" पट्टा पुन्हा पाठीवर बसला.

ताईने मधे उडी घेतली. पुढचा फटका तिच्या दंडावर बसला, तसा भाऊ गडबडून मागे सरला.

"थांबलास का? मार की! मी सख्खी, म्हणून हात अडला?"

तिने भावजयीला सावरलं. तिचा हात धरला आणि ताईला वास आला. हा वास तिला दवाखान्यात दिवसभर यायचा. दुखऱ्या दाढेवर ठेवायच्या बोळ्याचा, लवंगतेलाचा.

"हात बुडवायच्या आधी काय लावलं गं तुला?"

"मंतरलेलं तेल, ताई. सगळ्यांनाच लावलं. पण माझं दुसऱ्या बाटलीतलं होतं."

चेल्याचा हात खिशाकडे गेला. ताईने झडप घातली. त्याने तिचं मनगट पिरगाळलं, एक थोबाडीत दिली. ताई कडकडून चावली. शेवटी दातांचीच डॉक्टर ती! चेला बोंबलला आणि दोन्ही बाटल्या तिच्या हाती आल्या. एकीत साधं खोबरेल होतं. दुसरी उघडताच सगळ्या खोलीला लवंगेचा वास सुटला.

"अग्नीशी खेळतेस, पोरी! भस्म होशील!" बाबा उठू लागले.

"बसा खाली. भस्म झालेच, तर तुम्हाला लावायला होईल."

बाबांच्या कळशीत राखीव मासे होते. ताईने एक मासा पाण्यासकट पातेल्यात घेतला, दुसऱ्या बाटलीतले थेंब टाकले आणि चमच्याने ढवळलं. "कुणीही हात लावायचा नाही. नुसतं बघायचं."

मासा मंदावला, कलला आणि आडवा झाला.

"मेला गं बाई," आई पुटपुटली.

"आता दोषी कोण? चमचा? घे रे पट्टा, हाण चमच्याला!"

ताईने दोन्ही मासे उचलून कळशीतल्या स्वच्छ पाण्यात सोडले आणि टँकची हवेची नळी त्यात खुपसली. बुडबुडे उठू लागले. काही वेळाने कल्ले हलले, मग शेपटी, आणि दोघेही पोहू लागले.

"या तेलाने माझ्या पेशंटची दाढ बधिर होते, माशाचं अख्खं अंग. याला म्हणतात यांचा चमत्कार!"

गर्दी उसळली. मघाशी 'मेला' म्हणणारेच आता "हाणा भोंदूला!" म्हणत धावले. बाबांची दाढी कुणाच्या मुठीत आली, चेल्याच्या नाकातून रक्त आलं.

"मागे व्हा!" ताईने पोलिसांना फोन लावला आणि बाबा निसटू नयेत म्हणून दार लावून त्याला पाठ टेकली. "मघाशी विचार न करता हिला मारू दिलंत, आता विचार न करता त्याला मारताय. तुम्हाला मारायला फक्त पाठ लागते, कुणाचीही!"

"पण ताई," भाऊ चाचरत म्हणाला, "आपल्या टँकमधले मासे तर खरेच मेले ना?"

उत्तर भावजयीने दिलं, फुटक्या ओठांनी. "मी आदल्या दिवशी बादल्या भरून उघड्या ठेवायचे. नळाच्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतं, ते उडून जायचं. आई म्हणाल्या, शिळं पाणी अपशकुनी. तेव्हापासून तुम्ही नळाला पाइप लावून टँक भरता. ते औषध पाण्यातून पोटात गेलं तरी आपल्याला चालतं, माशांचे मात्र कल्ले जळतात. मी सांगितलं होतं. उलट बोलते म्हणून त्याच दिवशी तुम्ही पहिल्यांदा मला मारलंत."

आईने जाऊन गॅस बंद केला.

जिन्यात बुटांचा आवाज आला. भाऊ बायकोकडे झुकला. "चुकलं माझं. पोलिसांना फक्त बाबाचं सांगू. घरातलं घरात राहू दे ना."

"तेल त्याचं होतं. पट्टा तुमचा होता." ती भिंतीला धरून उठली. "मासा गुंगीत होता, म्हणून मी सुटले. खरंच मेला असता तर? मासा मेला तर पाणी तपासायचं, की बायकोला झोडायचं?"

बाहेरून कडी वाजली. तिने पाठीवरची ओढणी काढून ठेवली, वळ दिसावेत म्हणून, आणि स्वतः जाऊन दार उघडलं.