शिलाईकाकूंचं बंद कार्ड

मित्रांनो, मी एक जुनी मशीन आहे. जुनी म्हटलं की तुम्हाला हसू येईल, कारण मला इथे येऊन सातच वर्षं झाली. पण यंत्रांच्या जातीत सात वर्षं म्हणजे सत्तरी उलटल्यासारखीच. ग्रंथालयाच्या दारातून आत आलात की डाव्या हाताला, खिडकीखाली मी उभी असते. वाचकांनी आपली पुस्तकं आपणच न्यावीत आणि आपणच परत करावीत, एवढ्यासाठी माझा जन्म.

माझं काम सोपं आहे. प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याच्या आत एक पातळ चिप चिकटवलेली असते. तुम्ही कार्ड दाखवून पुस्तक माझ्या काळ्या पाटावर ठेवता. मी चिप वाचते, पुस्तक तुमच्या नावावर लावते, परत आणलंत की नावावरून काढते आणि गोड आवाजात "धन्यवाद" म्हणते. त्या आवाजामुळे शिपाईदादांनी माझं नाव 'बोलक्या ताई' ठेवलं. खरं सांगू का, मला बोलता येतात ती अकराच वाक्यं. बारावं लागलं की माझी दातखीळ बसते.

मी आले तेव्हा माझा थाट काय विचारता! फीत कापली, फोटो काढले. मोठे साहेब भाषणात म्हणाले, "आता रांग नाही, ताटकळणं नाही." दुसऱ्याच दिवशी काउंटर हलवला. तिथे वीस वर्षं बसलेल्या ग्रंथपालबाई आतल्या खोलीत संगणकापुढे जाऊन बसल्या. मी हुरळून गेले होते, खोटं कशाला बोलू? मग हळूहळू माझ्या खोडी लोकांना कळू लागल्या. पाच पातळ पुस्तकं एकावर एक ठेवली की मी चारच मोजायचे. दुपारचं ऊन पडद्यावर आलं की अक्षरं दिसायची नाहीत. एका आजोबांनी तर पाटावर चष्म्याचं घर ठेवून पाच मिनिटं माझ्या "धन्यवाद"ची वाट पाहिली. महिन्यातून एकदा तरी माझ्या तोंडावर 'बंद आहे' असा कागद लागायचा. तरीही ग्रंथपालबाईंचा माझ्यावर भारी विश्वास. "माणूस चुकेल, मशीन चुकायची नाही," हे त्यांचं ठरलेलं बोलणं. तेच पुढे नडलं.

कोपऱ्यावर शिवणकामाचं दुकान चालवणाऱ्या एक बाई आमच्याकडे यायच्या. गळ्यात मापाची टेप, बाहीला टोचलेली सुई. सगळे त्यांना शिलाईकाकू म्हणत. त्यांच्या सासूबाईंची दृष्टी गेली होती. दुकान आवरून घरी गेल्या की काकू त्यांना रोज वीस पानं वाचून दाखवायच्या. तेव्हा तीन भागांची एक लांबलचक कादंबरी चालू होती. "पुढे काय झालं ते कळल्याशिवाय मी काही मरत नाही, असं म्हणतात सासूबाई," काकू दादांना हसत सांगायच्या.

कादंबरीच्या दुसऱ्या भागाचं कव्हर निखळलं होतं. काकूंना ते बघवेना. त्यांनी घरातला चंदेरी, चकचकीत कागद घेऊन नवं कव्हर घातलं आणि कडा डिंकाने न चिकटवता बारीक टाक्यांनी शिवल्या. मग ते पुस्तक आणि आणखी एक, अशी दोन त्यांनी माझ्या पाटावर ठेवली.

मित्रांनो, त्या चकचकीत कागदाला धातूचा पातळ थर असतो. त्याच्याआड गेलेली चिप मला दिसत नाही. मला दुसरं पुस्तक तेवढं दिसलं. पडद्यावर मी 'एक पुस्तक जमा' असं बारीक अक्षरांत लिहिलं आणि तोंडाने मात्र नेहमीचं "धन्यवाद" म्हटलं. ते ऐकून काकूंनी दोन्ही पुस्तकं शेजारच्या ढकलगाडीवर ठेवली आणि त्या घाईने दुकानाकडे गेल्या. चंदेरी पुस्तकावर बाहेरून नाव नव्हतं. दादांनी ते 'नंतर बघू' म्हणून वरच्या फळीवर सरकवलं आणि विसरून गेले.

तिसरा भाग दुसऱ्या वाचकाकडे होता. तो परत आल्यावर, महिन्याभराने, काकू न्यायला आल्या. मी मोठ्याने म्हणाले, "आपले कार्ड बंद आहे. कृपया कर्मचाऱ्यांना भेटा." मागची चार माणसं वळून बघू लागली. ग्रंथपालबाई बाहेर आल्या.

"तुमच्याकडे दुसरा भाग राहिलाय."

"नाही हो बाई. मी परत केलाय, ह्याच मशीनवर."

"मशीनवर नोंद नाही. घरी कापडाच्या ढिगात बघा."

"म्हणजे मी खोटं बोलते?"

"तसं नाही म्हणत मी. पण मशीन तरी कशाला खोटं बोलेल?"

 कव्हर घातल्याचं सांगायचंही काकूंना सुचलं नाही. तिसरा भाग आणि आपलं कार्ड, दोन्ही माझ्या पाटावर ठेवून त्या निघून गेल्या. मला फार वाईट वाटलं. 'मला ते पुस्तक दिसलंच नाही हो' एवढंच सांगायचं होतं, पण ते माझ्या अकरा वाक्यांत नव्हतं.

दादा उसवलेला खिसा शिवून घ्यायला दुकानात जायचे. ते सांगायचे, सासूबाई रोज पुढची गोष्ट मागतात. काकू आपल्या मनाने रचून सांगतात, तर म्हातारी लगेच ओळखते, "हे पुस्तकातलं नाही, हे तुझं."

दोन महिन्यांनी दादा फळ्या झाडत होते, तेव्हा चंदेरी पुस्तक हाती लागलं. त्यांनी ते माझ्या पाटावर ठेवलं. उलटं ठेवलं, सुलटं ठेवलं. मी गप्प. त्यांनी बाईंना हाक मारली. बाईंनी पुस्तक उघडलं: दुसरा भाग. त्यांनी कडेचे टाके पाहिले. असे टाके घालणारं गावात एकच माणूस होतं. टाचणीने एकेक टाका उसवून त्यांनी कव्हर उतरवलं, पुस्तक पाटावर ठेवलं. पडद्यावर 'एक पुस्तक जमा' उमटलं आणि मी म्हणाले, "धन्यवाद."

"मी सगळं मशीनला विचारलं," बाई दादांना म्हणाल्या, "त्या बाईला काहीच विचारलं नाही."

काकूंचं कार्ड चालू करून, ते आणि तिसरा भाग घेऊन त्या तशाच दुकानात गेल्या. दादा सोबत होते, त्यांच्याकडूनच मला हे कळलं. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. बाई म्हणाल्या, "चूक माझी होती. चार लोकांत बोलले, म्हणून चार लोकांत माफी मागते." काकूंनी हातातली शिवण शेवटपर्यंत नेली, दोरा तोडला आणि मग पुस्तक हातात घेतलं. "सासूबाईंना एवढ्यात सांगू नका," त्या म्हणाल्या, "नाहीतर भरदुपारी दुकान बंद करायला लावतील." त्या दिवशी दुकान दुपारीच बंद झालं.

आता माझ्या शेजारी एक टेबल आलंय. बाई सकाळ-संध्याकाळ तिथे बसतात. थोडी रांग लागते, पण कुणी कुरकुरत नाही. काकू दर शनिवारी फाटक्या पुस्तकांना कापडी कव्हरं शिवतात. कापडाआडचं मला छान दिसतं. कादंबरीही संपली. सासूबाईंचा निरोप आला, की शेवट काही खास नाही, सुनेने रचला होता तोच बरा होता.

मित्रांनो, माझ्या पडद्याला ओले हात लावू नका. पाटावर डबे ठेवू नका, पातळ पुस्तकं एकेक करून ठेवा. एवढं जपलंत तर मी अजून चार वर्षं सहज काढीन. पण एक मागणं त्याहून मोठं आहे. मी कधी कुणाच्या विरुद्ध काही बोलले, तर ते खरं धरण्याआधी त्या माणसाला बसायला खुर्ची द्या आणि त्याचं म्हणणं ऐकून घ्या. मी माझी अकरा वाक्यं बोलून मोकळी होते. त्याला मात्र मान खाली घालून घरी जावं लागतं.