वरच्या खोलीतला फोन

"अहो लाइनमन, शिडी भिंतीला टेकवू नका. रंग खरवडला जातो. आमच्या ह्यांना चालत नाही."

शिडीवरचा म्हातारा गुमान खाली उतरला. त्यानं शिडीच्या टोकांना फडकी गुंडाळली आणि पुन्हा वर चढून तार ठोकू लागला. ज्यांना खरवडलेला रंग चालत नाही ते 'हे' म्हणजे तोच, पण बायकोला ते सांगण्यात आता अर्थ उरला नव्हता. सांगून सांगून झालं होतं. पहिल्यांदा ती हसली होती, मग घाबरली होती, आणि शेवटी उशीखाली पर्स लपवायला लागली होती. त्यापेक्षा लाइनमन बरा. जन्मभर तेच काम केलेलं, त्यामुळे ते खोटंही नव्हतं.

टेलिफोन खात्यातून निवृत्त होताना भंगारात निघालेले काही फोन त्यानं घरी आणले होते. काळे, चांगलेच जड, बाजूला हँडल असलेले. "हे भंगार घरात आलं तर मी बाहेर जाईन," असं तेव्हा हीच म्हणाली होती. हँडल गरगर फिरवलं की दुसऱ्या टोकाला घंटा वाजते. मध्ये एक्स्चेंज नको, फक्त दोन तारा आणि बोलण्यापुरते सेल. एक फोन तिच्या पलंगाशी आणि दुसरा गच्चीवरच्या खोलीत, जिथे तो दुपारभर खुडबुड करत बसे. तिला काही लागलं तर कळावं, एवढाच त्याचा हेतू होता.

पण लाइन तपासायला दोन माणसं लागतात. घंटा एकट्याला वाजवता येते, बोलायला मात्र पलीकडे कुणीतरी असावं लागतं. "घंटा वाजली की उचला हं, बाई," असं तिला बजावून तो धापा टाकत वर गेला आणि त्यानं हँडल फिरवलं.

"नंबर?"

आवाज खणखणीत होता, ऑपरेटरचा. लग्नाआधी ती एक्स्चेंजमध्ये बसायची आणि हा खांबावर चढून लाइन तपासायला तिलाच फोन लावायचा. एकमेकांचं तोंड बघण्याआधी कितीतरी महिने दोघांनी नुसता आवाज ऐकला होता. सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं, "टेस्ट. कसं ऐकू येतंय?"

पलीकडचा खणखणीत आवाज एकदम मऊ झाला.

"अगंबाई, तुम्ही? अहो, आहात कुठे इतके दिवस? कुठल्या खांबावर अडकलात?"

तो तिथेच खोक्यावर बसला. "लांब आहे गं. ड्युटी लागलीय."

"बरं, मग लवकर या. मला इथे करमत नाही. कुणीतरी एक लाइनमन ठेवलाय घरात. चांगलाय बिचारा, पण परका तो परकाच."

फोन ठेवून तो रडला. इतक्या दिवसांनी कुणीतरी त्याला ओळखलं होतं, आणि तेही त्याच्याविषयी तक्रार करायला.

मग तसंच सुरू झालं. खाली असला की लाइनमन, वर गेला की नवरा. खाली तो तिला औषध द्यायचा, तिची चादर बदलायचा आणि "दार वाजवून येत जा" हे ऐकून घ्यायचा. जिना चढला की तीच बाई त्याच्याशी लाडात बोलायची, लग्नातल्या साडीचा रंग विचारून परीक्षा घ्यायची. दोन्ही माणसं सांभाळता सांभाळता त्याचे गुडघे कुरकुरायला लागले.

सुट्टीच्या दिवशी मुलगी आली. आईनं तिला बसायला सांगितलं आणि प्रेमानं विचारलं, "तुमचं लग्न झालं का हो?" मुलगी उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिथे बापावर घसरली.

"बाबा, हे वरून फोन करायचं काय नाटक मांडलंय? तुम्ही तिला फसवताय."

"आवाज माझाच आहे ना? मग फसवणूक कसली?"

"आणि जिन्यावरून पडलात म्हणजे? मी तिथून धावत येऊ? निदान खालून तरी बोला."

हे मात्र त्याच्या मनात घर करून बसलं. खरं तर गुडघ्यांपेक्षा त्याला दुसराच मोह होता. बोलताना तिचा चेहरा कसा दिसतो, ते त्याला एकदा बघायचं होतं. मुलगी गेल्यावर त्यानं तिसरा फोन स्वयंपाकघरात जोडला. तिथून दाराच्या फटीतून पलंग दिसायचा. दोन फोन इतके जवळ आणू नयेत हे शिकाऊ पोरालाही कळतं. त्याला कळत नव्हतं असं नाही.

घंटा वाजली. तिनं रिसीव्हर उचलला. "नंबर?"

"मीच गं."

तिचा चेहरा असा फुलला की तो स्वतःला विसरला. दार लोटून पुढे झाला, तारेचा पीळ ताणला गेला, आणि "कशी आहेस?" हे तिला एका कानात फोनमधून आणि दुसऱ्या कानात दारातून ऐकू आलं. तिनं वळून पाहिलं. रिसीव्हर गळून पडला.

"ह्यांचा आवाज तुम्ही काढताय? कुठे आहेत हे? काय केलंत त्यांचं?"

त्यानंतर वरून कितीही घंटा वाजवली तरी तिनं फोन उचलला नाही. उभ्या नोकरीत जिनं एक घंटा वाया जाऊ दिली नाही, ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तो वर एकटा हँडल फिरवत बसला. ह्या जगात त्याला नवरा म्हणणारं एकच माणूस होतं, आणि ते त्यानं आपल्या हातानं घालवलं होतं.

शेवटी तो पक्कड घेऊन खाली आला. तिच्यासमोर त्यानं स्वयंपाकघरातल्या फोनची तार कापली.

"बाई, क्रॉस कनेक्शन झालं होतं. साहेबांचा आवाज भलत्याच लाइनवर येत होता. माझीच चूक."

ती उठून बसली. "क्रॉस होतं?" तिनं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "मग आधी बोलायचं ना! ओल्या तारा असल्या की व्हायचंच. मला वाटलं, काय झालं ह्यांना."

"आता बोलून बघा. लाइन साफ आहे."

तो कठडा धरून, पायरी पायरी करत वर गेला. त्यानं हँडल फिरवलं.

"नंबर?"

"मीच."

"जेवलात?"

"नाही अजून."

"थांबा, लाइनमनच्या हाती पाठवते."

तो पुन्हा खाली आला तेव्हा ती ताट झाकून वाट पाहत होती. त्यानंच तिला वाढलेला भात आणि भाजी होती, निम्मी काढून ठेवलेली. "हे ह्यांना पोचवा. वाटेत सांडू नका."

वर पोचल्यावर त्यानं फोन लावला. "मिळालं गं."

"गरम आहे ना? आणि ऐका, सगळं एकट्यानं संपवू नका. त्या लाइनमनलाही दोन घास द्या. सकाळपासून तो नुसता वरखाली करतोय. त्याला जेवलास का म्हणून विचारणारं कुणी दिसत नाही."

"देतो," तो म्हणाला.

त्यानं रिसीव्हर जागेवर ठेवला, भाताचे दोन वाटे केले आणि आधी लाइनमनचा वाटा खाल्ला.