काउंटरवरच्या लाल फोनचा जळफळाट

मी फोन बोलतोय. फोनवरून नव्हे, खुद्द फोनच. लाल रंगाचा, वायरीचा, जाडजूड बटणांचा. आणि मागाहून कुणी तोंड वाकडं करू नये म्हणून आधीच सांगून टाकतो, मी जळका आहे. झिजून झिजून धन्य झालेल्या सोशिक वस्तू तुम्ही पुष्कळ पाहिल्या असतील. मी त्यांच्यातला नाही. माझं माणूस दुसऱ्याकडे वळलं तर माझ्या वायरी तापतात.

माझा जन्म कारखान्यातला, पण साध्या फोनांच्या रांगेतला नाही. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी मला मुद्दाम बनवलं. माझ्या कमरेला एक छोटं चाक आहे. ते पुढे सरकवलं की पलीकडचा माणूस कुजबुजला तरी कानात लख्ख ऐकू यावं. आणि माझी घंटी म्हणाल तर शेजारच्या इमारतीतलं झोपलेलं बाळ उठून बसेल अशी. माझी भावंडं घराघरांत गेली. मी आलो कानाची मशीनं विकणाऱ्या एका दुकानात, काचेच्या काउंटरवर.

दुकान एका बाईचं. 'बाई' म्हणूनच सगळे तिला ओळखतात, मी मनात नुसतं 'ती' म्हणतो. पुढे काउंटर आणि दोन खुर्च्या, मध्ये कान तपासायची जाड दाराची बंद खोली, मागे खिडकीपाशी एक टेबल. तिथे बसून ती मशीन कानात घट्ट बसावं म्हणून बनवलेले लोकांच्या कानांचे साचे घासायची, डोळ्यांजवळ धरून बघायची, फुंकर मारायची, पुन्हा घासायची. हे सगळं ती पाहून, विचारून, हात भाजून घेऊन शिकली. कुणाच्या बापाची मिंधी नव्हती.

फोनवर ती कधी ओरडायची नाही. बहिऱ्याशी ओरडून बोलणारा माणूस तिच्या मते अर्धवट. आवाज खाली आणायचा, सावकाश बोलायचं, आणि तरी कळलं नाही तर तेच वाक्य पुन्हा घोकायचं नाही, शब्द बदलायचे. "आवाज नको वाढवू, वाक्य बदल," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्या सुनांना-लेकांना दटावून सांगायची.

तिच्या गिऱ्हाइकांत एक घड्याळजी काका होते. हयात घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेली, आणि जिभेला धार.

"तुझं मशीन बंद पडलं," ते फोनवर म्हणायचे.

"सेल उलटा बसवलाय का बघा."

"मला शिकवतेस? जन्मभर सेलच बसवले मी."

मग बराच वेळ खुडबुड. मग खोल आवाजात, "हं. उलटा होता."

ती हसायची आणि तिच्या हसण्यानं माझा रिसीव्हर हलायचा. डावा कान माझा होता. त्या कानाची ऊब, केसांचा तेलकट वास, बोलता बोलता वायर बोटाला गुंडाळायची तिची खोड. राजाला आपलं सिंहासन वाटत असेल, तसं मला ते सगळं वाटायचं. हळूहळू ती माझं चाकही पुढे पुढे सरकवू लागली. मला वाटलं, माझा आवाज हिला पुरेनासा झालाय. आणखी हवाय. मी मनातल्या मनात फुलून गेलो.

आणि मग एकाएकी ती मला उचलेनाशी झाली.

मी वाजायचो, वाजायचो, थांबायचो. ती मागे टेबलापाशी साचा घासत बसलेली. माझ्याकडे मान वळवून बघायचीही नाही. कधी समोर उभी असली तर लगेच उचलायची आणि पहिल्यासारखीच गोड बोलायची. पाठ वळली की मी मेलो तिच्या लेखी. हे वागणं कुणाला समजेल?

त्याच सुमारास तिच्या बहिणीची मुलगी दुकानात यायला लागली. येताना कॉम्प्युटर घेऊन आली. झालं. मला काय समजायचं ते मी समजलो. त्या पडद्याला पुसायला वेगळं मऊ फडकं. मला पुसायला, मनात आलं तर, बाहीचं टोक. त्याला काउंटरची उजळ बाजू. मला कोपरा, पेनांच्या डब्याशेजारी. याला सवतीमत्सर म्हणा हवं तर, मी नाही म्हणत नाही.

एके सकाळी भाची म्हणाली, "मावशी, जुनी माणसं दुसरीकडे चाललीत. तुझ्या लक्षात येतंय का?"

"जाऊ देत. येतील परत कान धरून."

"फोन उचलत नाहीत म्हणून गेली, असं सांगतात."

"उचलते की मी."

"आपण सीआरएम घेऊ या."

"हे काय? आजाराचं नाव वाटतंय."

भाचीनं समजावलं. एक सॉफ्टवेअर. कोण गिऱ्हाईक, कुठलं मशीन नेलं, तपासणीला कधी यायचं, कुणाचा फोन राहून गेला, सगळं एका जागी.

"ते माझ्या डोक्यात आहे."

"तीच तर पंचाईत आहे. तुझं डोकं मला उघडून वाचता येत नाही."

ती पुन्हा साचा घासू लागली. आणि मी? ज्यांचे आवाज मी एकेक करून ओळखत होतो, ती माणसं आता त्या पडद्याच्या पोटात जाणार होती. मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

पहिला विकणारा आला तो चकचकीत बुटांचा. त्याचं हसू दुकानात आधी शिरलं, तो मागून. बोटानं पडद्यावर रंगीत चित्रं सरकवत तो म्हणाला, "मॅडम, तुम्हाला काही करायलाच नको. आमचं सॉफ्टवेअर स्वतः गिऱ्हाइकांना फोन करतं."

मी काउंटरवरून खाली पडायचाच बाकी होतो. फोन करणार? ते? मग मी कशाला आहे?

भाचीचे डोळे चमकले. मावशीनं मात्र एकच विचारलं, "सोडायचं ठरवलं तर आमच्या माणसांची माहिती आम्हाला परत मिळेल का?"

"मॅडम, आम्हाला सोडून कुणी जातच नाही."

"अहो, नवराबायको जातात सोडून, तुमचं काय घेऊन बसलात?"

तो नुसता हसला. आणि पुढचं चित्र सरकवलं. खरं म्हणजे तिथेच त्याला दार दाखवायला हवं होतं. पण वापरून बघायला फुकट होतं, आणि फुकट म्हटलं की शहाणी माणसंही माना डोलावतात. भाचीनं सगळ्यांचे नंबर भरले, आणि सॉफ्टवेअर कामाला लागलं.

आता जरा विचार करा. दुकान कानाच्या मशीनचं. गिऱ्हाइकं सगळी कमी ऐकू येणारी. आणि त्यांना फोन करायला ठेवलं काय, तर कुणाचंही ऐकून न घेणारा, एकाच पट्टीत भरभर बोलणारा, पातळ, गुळगुळीत आवाज. असली चूक साबण विकणाऱ्यानं केली असती तर खपून गेली असती. ती केली आम्ही.

घड्याळजी काका स्वतः चालत आले. खुर्चीत बसले, दम खाल्ला आणि भाचीकडे वळले.

"ती मुलगी कोण ठेवलीत तुम्ही? मी म्हणतो सावकाश बोल, ती ऐकत नाही. मी म्हणतो मोठ्यानं बोल, तर म्हणते एक दाबा. काय दाबू?"

"ती मुलगी नाही काका, मशीन आहे."

"मग तिच्या कानात आधी एक मशीन बसवा."

माझ्या उभ्या आयुष्यात इतका आनंद मला झाला नव्हता. त्या दिवशी मी सारखा वाजत होतो. कोण बोललं, काय म्हणालं, तुमच्याकडे काही बिनसलंय का, असं विचारणारे फोनवर फोन. प्रत्येक फोन भाचीनं घेतला, प्रत्येकाची माफी मागितली. ती मात्र मागे टेबलापाशीच. माझ्या विजयाच्या दिवशीही तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. तेवढं एक सोडलं तर मी तृप्त होतो.

मला वाटलं, संपलं. पण भाची मावशीचीच भाची. तिनं दुसऱ्या कंपनीला बोलावलं. या वेळी आली ती एक साधी बाई, खांद्याला कापडी पिशवी. तिनं लॅपटॉप उघडायच्या आधी विचारलं, "वापरणार कोण? आणि तुमची गिऱ्हाइकं कशी आहेत?"

भाचीनं पहिली फजिती सांगितली. ती बाई हसली नाही. म्हणाली, "आमचं फोन करत नाही. निरोप पाठवायचा तर लिहून पाठवतं. आणि फोन आला की कुणाचा, त्या माणसाचं काय काय झालंय, ते पडद्यावर उघडतं. राहून गेलेले फोन वेगळे दिसतात. उद्या आम्हाला सोडलंत तर सगळी माहिती उतरवून घ्या आणि खुशाल जा."

"हिला जायची भाषा येते, म्हणजे बरी दिसते," मावशी म्हणाली आणि सेल काढायला भिंतीतल्या कपाटाकडे वळली.

त्या बाईनं माझ्या वायरीत मध्येच एक डबी घातली. माझ्या वायरीत. आता कुणाचाही आवाज माझ्याकडे येण्याआधी त्या डबीला भेटून येणार. मग तिनं स्वतःचा मोबाइल काढला. "मी इथूनच दुकानाला फोन लावते. बघा."

मी ठरवलं, पडद्याच्या आधी पोचायचं. काय वाट्टेल ते झालं तरी. आणि मी वाजलो. असा वाजलो की काउंटरची काच थरथरली, डब्यातली पेनं खुळखुळली. पडद्यावर मुकाट्यानं एक चौकोन उजळला. भाची पडद्याकडे बघत होती. ती बाई पडद्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघत होतो. माझ्यापासून हातभर अंतरावर, पाठमोरी, ती कपाटात सेलची पाकिटं चाळत होती. शांतपणे. जसं काही दुकानात चिटपाखरू नाही.

भाचीनं मान वर केली. "मावशी."

मी वाजत होतो.

"अगं मावशी."

तेवढ्यात तिला हवं ते पाकीट सापडलं. ती वळली, दोघींकडे बघून हसली आणि म्हणाली, "हं, दाखवा की. कधी वाजणार फोन?"

मी अजून वाजतच होतो.

त्या बाईनं हळूच मोबाइल बंद केला. "मी जरा खाली जाऊन गाडी बघून येते," म्हणाली आणि बाहेर पडली. माणुसकी कंपनीत शिकवत नाहीत, ती घरूनच आणली असणार तिनं.

"कधीपासून ऐकू येत नाहीये तुला?" भाचीनं विचारलं.

"काय?"

भाचीनं आवाज चढवला नाही. उलट खाली आणला. समोर येऊन, सावकाश म्हणाली, "कान कधी बिघडले?"

तिनं भाचीच्या ओठांवरून शब्द ओळखले. मग खुर्चीवर बसली. गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर. "वाक्य बदललंस," ती म्हणाली. "माझीच विद्या माझ्यावर."

"सांगितलं का नाहीस?"

"बहिऱ्या बाईकडून कानाचं मशीन कोण घेईल? दुकान बंद करून घरी बसवशील मला. मग मी करू काय? भिंती मोजू?"

"लोकांना वाटतंय तू माजलीस. मुद्दाम फोन उचलत नाहीस."

"माजलेली चालेल. बहिरी नको."

"मला चालणार नाही," भाची म्हणाली. "मला तू दुकानात हवीस. ऐकणारी."

जाड दाराच्या खोलीत ती पहिल्यांदाच खुर्चीच्या त्या बाजूला बसली, आणि बटणं भाचीच्या हातात होती. आत काय झालं ते मला माहीत नाही, त्या खोलीतून आवाज बाहेर येत नाही. बाहेर आली तेव्हा कागद बघत एवढंच म्हणाली, "डावा जास्त गेलाय."

डावा. माझा.

चाक पुढे पुढे सरकत होतं ते माझ्या प्रेमापोटी नव्हतं तर. आणि ती मला टाळतही नव्हती. मी तिच्यापर्यंत पोचतच नव्हतो. मी फुगलो होतो तेही उगाच आणि जळलो होतो तेही उगाच. बरं, आता जळायचं थांबलो असेन असं तुम्हाला वाटेल. छे. आता तर कुठे खरं कारण मिळालं.

मशिनांचा ट्रे समोर आला. भाचीनं कातडीच्या रंगाचं काढलं. "ते नको," ती म्हणाली, "लपवायचं काय राहिलंय आता?" ट्रेमध्ये लाल होतं. मी डोळ्यांनी पाहिलं. तिनं भडक निळं उचललं आणि डाव्या कानावर चढवलं. दुसऱ्या दिवशी घड्याळजी काका आले, तो निळा तुकडा वाकून वाकून पाहिला आणि म्हणाले, "बरं झालं. आता तुझाही सेल उलटा बसेल."

सॉफ्टवेअर त्या कापडी पिशवीवाल्या बाईचंच घेतलं. फोन आला की पडदा उजळतो, नाव येतं, माणसाची सगळी हकीकत येते, आणि आवाज थेट त्या निळ्या तुकड्यात जातो. ती दुकानात बसते, पूर्वीसारखीच दटावते, पूर्वीसारखीच हसते. गेलेल्यांतली काही माणसं परत आली. काही नाही आली. माझी मात्र काउंटरवरून उचलबांगडी झाली.

हल्ली मी मागच्या टेबलावर असतो. नवीन मशीन घेतलेल्या माणसाला इथे बसवतात आणि माझ्यावर फोन घ्यायला शिकवतात. रिसीव्हर कानाच्या भोकाशी धरायचा नाही, नाहीतर मशीन शीळ घालतं. किंचित वर, कानामागे धरायचा. ती पुढून नंबर लावते. तिचा आवाज माझ्यातून जातो आणि दुसऱ्याच कुणाच्या कानामागे उतरतो. समोरची म्हातारी रडायला लागते, तिला वाटतं आपल्या मशीनची कमाल. मी मध्ये असतो, हे कुणाच्या डोक्यातही येत नाही.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या घरात कुणी हाकेला ओ देईनासं झालं असेल तर त्याच्या नावानं कडू होऊन बसू नका. मी बसलो होतो. समोर जा. आवाज खाली आणा. वाक्य बदला.

माझं म्हणाल तर मी सुखी नाही, आणि कुणी मला सुखी म्हणू नये. तो निळा तुकडा मला अजून बघवत नाही. फक्त परवाची एक गोष्ट. मागे खुर्चीत एक नवखे आजोबा बसले होते, भाचीनं पुढून नंबर लावला, मी वाजलो. आजोबा हात पुढे करायच्या आत, मधली बंद खोली ओलांडून, पार काउंटरवरून मावशीचा आवाज आला.

"वाजला बघ."