गरम पाण्याच्या हौदातला कठडा

दमलो आहे मी, मित्रांनो. जरा टेकून बोललो असतो, पण टेकायचं ते दुसऱ्यांनी. मी कुठला टेकणार! मी एक जुना कठडा आहे. जमिनीतून येणाऱ्या गरम पाण्याचा इथे हौद आहे. त्यात उतरायच्या सहा पायऱ्यांच्या कडेने मी उभा असतो. ज्यांचे गुडघे, कंबर, खुबे कुरकुरतात, ती माणसं या पाण्यात व्यायामाला येतात.

एका वेल्डरने पाइप वाकवून मला घडवलं, घासून चकचकीत केलं. मला चार पाय, आणि प्रत्येक पायाला चार बोल्ट. सुरुवातीला माझे लाडच झाले. मावशी, म्हणजे इथे रुग्णांना हात देणाऱ्या बाई, मला रोज साध्या पाण्याने धुवायच्या, कारण या पाण्यातले क्षार सांध्यांना मानवले तरी बोल्टांना खातात. पुढे रुग्ण वाढले, मावशी एकट्याच उरल्या आणि माझं धुणं राहून गेलं. वरच्या पायरीजवळचा माझा पाय हलू लागला. मावशींनी कचेरीत तीनदा सांगितलं. तीनही वेळा "बघतो" एवढंच उत्तर मिळालं. शेवटी त्यांनी तिथे लाल फडकं बांधलं आणि येईल त्याला सांगू लागल्या, "तिथे भार देऊ नका हो."

अशात गवंडीदादा आले. परांचीवरून पडून त्यांचा खुबा मोडला होता. "परांचीवर परत चढलो नाही, तर मी कसला गवंडी?" असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले. सहा आठवडे त्यांचा खरखरीत तळहात माझ्यावर होता. सातव्या आठवड्यात छातीभर पाण्यात त्यांनी मला सोडलं आणि एकामागून एक दहा फेऱ्या मारल्या. काठावर बसलेल्या लेकीला म्हणाले, "बघितलंस? झालो की बरा."

इथेच सगळे फसतात. पाण्यात अंगाचा भार पाणी उचलतं, आणि वर येताना तो पायरीगणिक परत अंगावर येतो. म्हणून आमच्याकडे रीत आहे की दर पायरीवर थांबायचं, दहा श्वास मोजायचे आणि वर काठी हातात घेऊन मगच पाऊल टाकायचं. दादा आनंदाच्या भरात तरातरा चढले. "अहो, थांबा, काठी घ्या," मावशी म्हणेपर्यंत शेवटच्या पायरीवर त्यांचा पाय लटपटला. त्यांनी मला धरलं, नेमकं फडक्यापाशी. माझा तो पाय उखडला, मी त्यांच्या हातात आलो आणि ते काठावर आपटले. मित्रांनो, इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

हाड वाचलं. मावशींनी आणि लेकीने त्यांना उठवून बसवलं. दुसऱ्याच दिवशी मिस्त्री येऊन नवे बोल्ट बसवून गेला. दहा मिनिटांचं काम होतं. बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय.

आता मी जागचा हलत नाही, पण दादा मला सोडत नाहीत. छातीभर पाण्यातही नाहीत. व्यायाम घेणाऱ्या डॉक्टरीणबाई सांगतात की पायात ताकद आली आहे. लेक समजावते, "बाबा, एकच फेरी. मी शेजारी आहे ना." ते म्हणतात, "उद्या." दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. काल लेकीने विचारलं, "परांचीचं काय ठरवलंत?" दादा पाण्याकडे बघत म्हणाले, "खाली बसून सिमेंटचा माल कालवायचं काम मिळतंय का बघू." तेव्हाही त्यांची मूठ माझ्यावर घट्ट होती.

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत, दवाखान्यात एखादा कठडा हलत असेल, तर कुणी पडायची वाट बघू नका. आजच आवळून घ्या. तोल गेला तर हा नक्की सावरेल, असा ज्याच्यावर भरवसा असतो, तोच आधार माणसाला सोडता येतो. दादांचा माझ्यावरचा भरवसा उडाला, म्हणून त्यांचा हात सुटत नाही.