अनधिकृत माणसाकडून दुरुस्ती

टायपिस्टबाईंच्या ताईने गोळ्या सोडल्या, त्याला एकोणीस दिवस झाले होते. अकरा वर्षं ताई सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशी हृदयाची गोळी घेत होती आणि तक्रार करत का होईना, ठणठणीत होती. मग मखमली आला.

हे त्याचं खरं नाव अर्थातच नव्हतं. मखमलीचं जाकीट घालायचा आणि आवाजही तसाच, म्हणून लोक त्याला मखमली म्हणत. हार्डवेअरच्या दुकानावरचा हॉल त्याने भाड्याने घेतला होता. तिथे दर गुरुवारी दुपारी तो शिकवायचा की विश्वास असलेल्या माणसाने गोळी घेणं म्हणजे देवाच्या हातावर चापट मारणं. चष्मा, काठी, कानातलं मशीन, सगळं त्याने एका टोपलीत जमा करून घेतलं होतं. चर्चच्या मंडळीतली निम्मी माणसं गुरुवारी त्याच्याकडे आणि रविवारी चर्चमध्ये जायची, त्यातही गुरुवारी वेळेवर पोचायची.

ताईचे पाय सुजले. चपला होईनात. दोन जिने चढायला तिला दोनदा बसावं लागायला लागलं. डॉक्टरांनी बाईंना बाजूला घेऊन सांगितलं, "अजून पंधरा दिवस असंच चाललं तर मी कसलीही खात्री देत नाही." ताईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "त्यांना खात्री नाही, मला आहे." आणि निवांत भाजी निवडायला बसली. बाईंना आई आठवतही नव्हती, जे काही होतं ते ताईच होती. त्यामुळे त्या घाबरल्या होत्या, आणि घाबरल्या की त्या चिडायच्या.

चिडूनच त्या सोमवारी मंडळीच्या ऑफिसात, जिथे त्या एकतीस वर्षं टायपिस्ट होत्या, पोचल्या आणि टाइपरायटरवरचं कव्हर न काढताच पाळकसाहेबांना म्हणाल्या, "तुम्ही त्या माणसाविरुद्ध पत्र काढा. या रविवारी. मी टाइप करते."

पाळकसाहेब भला माणूस होता. भल्या माणसांचं जे होतं तेच त्यांचं झालं होतं, त्यांचं कुणी ऐकत नव्हतं. "चार रविवार पवित्र शास्त्रातलेच उतारे वाचतोय, बाई. लोक डोळे मिटून ऐकतात. मला वाटायचं मनन करतायत. परवा एक जण घोरला."

मग ते उठले, दोनदा खिडकीपर्यंत जाऊन आले आणि एकदम उजळले. "शास्त्राच्या शेवटाकडे एक पत्र आहे बघा, जेमतेम पानभराचं. मंडळीत चोरपावलांनी शिरलेल्या खोट्या शिक्षकांविरुद्ध. त्या लेखकाने काय केलं? शास्त्राबाहेरचं एक जुनं पुस्तक उघडलं आणि त्यातला उतारा दिला. कारण त्याच्या लोकांना ते पुस्तक पाठ होतं. दुसऱ्या एकाने तर बेटावरच्या लोकांविषयी लिहिताना त्यांच्याच कवीची ओळ काढली, की बघा, तुमचाच माणूस तुम्हाला लबाड म्हणतोय! लोक घरचं ऐकतात, बाई. आपल्या लोकांच्या घरात कोणती पुस्तकं आहेत?"

बाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. "वॉशिंग मशीनचं," त्या म्हणाल्या. "त्याच्यासोबत मिळालेलं."

इथे मंडळीचा उताऱ्याचा नियम सांगायला हवा. फार पूर्वी एका पाळकाने शास्त्रात नसलेलंच वचन शास्त्रातलं म्हणून खपवलं होतं आणि लोकांनी त्यावर तीन दिवस उपास केला होता. तेव्हापासून कुठलाही उतारा वाचायचा तर त्याची मूळ प्रत स्टँडवर हजर हवी. मंडळीचा कारभार बघणाऱ्या मोठ्या पंचांनी त्या ओळीवर बोट ठेवून मोठ्याने "आहे" म्हणायचं, मग सगळ्यांनी उभं राहून तो ऐकायचा. आणि उतारा ज्याचा, तो हयात असेल तर त्याला पुढे खुर्ची द्यायची. शास्त्राचे लेखक सगळे केव्हाच निघून गेलेले असल्यामुळे ती खुर्ची वर्षानुवर्षं रिकामी होती आणि तिच्यावर लोक छत्र्या ठेवायचे.

रविवारी वॉशिंग मशीनचं पुस्तक स्टँडवर ठेवलं गेलं. मोठ्या पंचांनी चष्मा टोपलीत टाकलेला होता, पण त्यांनी बोट ठेवलं आणि "आहे" म्हटलं. काहीतरी आहे एवढं त्यांना स्पर्शाने कळत होतं. सगळी मंडळी उठून उभी राहिली. पाळकसाहेबांनी घसा साफ केला आणि वाचलं, "अनधिकृत माणसाकडून दुरुस्ती करून घेतल्यास होणाऱ्या नुकसानीस कंपनी जबाबदार राहणार नाही."

असा परिणाम त्या चर्चमध्ये कित्येक वर्षांत झाला नव्हता. मागच्या बाकावरची एक म्हातारी म्हणाली, "खरंय ग बाई!" एकाने डोळे पुसले, त्याचं मशीन त्याच महिन्यात बिघडलं होतं. उपासना संपल्यावर लोकांनी पाळकसाहेबांना गराडा घातला आणि पुढचं वाचा म्हणून गळ घातली. पाळकसाहेब हरखून गेले. बाईही मनातून सुखावल्या, कारण ओळ त्यांनी शोधली होती.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी मखमलीच्या हॉलच्या लिफ्टमधली सूचना घेतली, चारपेक्षा जास्त माणसांनी एका वेळी चढू नये ही, गुरुवारच्या गर्दीला उद्देशून. ती पत्र्यावर होती, म्हणून नियमाप्रमाणे स्क्रू काढून आणावी लागली. तो पत्रा स्टँडवर होता तेवढ्या वेळात लिफ्टमध्ये नऊ जण चढले आणि उपासना संपेपर्यंत आतच राहिले.

दरम्यान वॉशिंग मशीनच्या पुस्तकावर अभ्यासवर्ग सुरू झाला होता. 'बिघाड आणि उपाय' या प्रकरणावर चर्चा व्हायला लागल्या. समोरून दार उघडणारी मशीन असलेल्यांनी वरून उघडणाऱ्यांना जरा कमी लेखायला सुरुवात केली. दोन सख्खे भाऊ याच्यावरून वेगळ्या बाकांवर बसायला लागले. बाईंना हे दिसत होतं, पण त्यांचं लक्ष ताईकडे होतं.

"ऐकलंस ना रविवारी?" त्यांनी ताईला विचारलं. "अनधिकृत माणसाविषयी?"

"ऐकलं की. गुरुवारी त्यांनीपण तेच वाचलं." ताईने सुजलेले पाय स्टुलावर उचलून ठेवले. ते उचलताना तिला धाप लागली. "काय सुंदर उलगडून सांगितलं, छकुले! म्हणाले, बनवणारी कंपनी वर आहे. मग हा डॉक्टर कोण? अनधिकृत! त्याच्याकडून दुरुस्ती करून घ्यायचीच नाही. इतकी वर्षं मला कुणी हे सांगितलं नव्हतं."

बाईंचं गॅसवरचं वरण करपलं. ती ओळ त्यांनी स्वतः शोधली होती, स्वतः टाइप केली होती, वर एक कार्बन कॉपीही काढली होती. आपणच आपल्या बहिणीच्या हातात हे दिलं, या विचाराने त्यांना रडू आलं आणि त्यांनी वरणावर राग काढला.

शुक्रवारी त्या औषधाच्या दुकानात गेल्या. ताई घेत नसली तरी दर महिन्याच्या गोळ्या त्या आणून ठेवत होत्या. त्यांच्या पुढे रांगेत मखमलीचं जाकीट उभं होतं. दुकानदाराने काउंटरवर गुलाबी पाकिटं मांडली. हुबेहूब ताईच्या गोळ्या. मखमलीने त्या एका सात कप्प्यांच्या डबीत वारानुसार भरल्या, शुक्रवारची तिथल्या तिथे पाण्याबरोबर घेतली आणि तोंड पुसलं.

बेटावरच्या लोकांचा स्वतःचा कवी! पण एकतीस वर्षांची सवय सुटत नाही. चोरून पुरावा गोळा करण्याऐवजी त्यांनी सरळ त्याच्या खांद्याला हात लावला आणि म्हटलं, "माफ करा, रविवारी तुमच्याविरुद्ध एक उतारा द्यायचाय. मूळ प्रत म्हणून ही डबी लागेल."

दुसरा कुणी असता तर पळाला असता. मखमलीचा चेहरा मात्र खुलला. "मला उद्धृत करणार? चर्चमध्ये? उभं राहून ऐकतात तसं?"

"हो. खुर्चीपण असते."

"मग डबी कशाला, मी स्वतःच येतो की," तो म्हणाला आणि किती वाजता ते पुन्हा पुन्हा विचारून गेला.

रविवारी खुर्चीवरच्या छत्र्या काढल्या गेल्या. मखमली पाय जोडून बसला. डबी स्टँडवर ठेवली, मोठ्या पंचांनी ती चाचपली, कानाशी धरून हलवली आणि गदगदल्या आवाजात म्हणाले, "आहे!" मंडळी उभी राहिली. पाळकसाहेबांनी एकेक कप्पा उघडून वार वाचून दाखवले, सोमवार, मंगळवार, बुधवार, आणि प्रत्येक वाराखाली एक गुलाबी गोळी सगळ्यांना दाखवली. दुसऱ्या बाकावर ताई एका हाताने बाक धरून उभी होती. बाई तिच्याकडेच बघत होत्या. आता, त्यांना वाटलं, आता तिला कळेल.

मखमली उठला. त्याने खाली मान घातली. "लपवून ठेवायचं होतं मला," तो म्हणाला. "पण सापडलोच. होय. मी घेतो. तुम्ही ज्या सोडल्यात ना, त्या सगळ्यांच्या वाटच्या मी एकटा घेतो."

मग पुढच्या बाकावरून हुंदका आला. मोठे पंच उठून त्याच्या गळ्यात पडले, म्हणजे अंदाजाने पडले, ते स्टँडच्या गळ्यात पडले आणि मखमलीने त्यांना सरळ केलं. ताई टाळ्या वाजवत होती. खुद्द पाळकसाहेबांनी रुमाल काढला. "किती सोसतो हो माणूस," ते बाईंना हळूच म्हणाले.

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. त्या बाहेर पडल्या, ऑफिसचं कुलूप उघडलं आणि टाइपरायटरसमोर बसल्या. जगात अशी एकही ओळ नाही जी लोकांना हवी तशी वळवता येत नाही, हे त्यांना त्या दिवशी कळलं आणि अतिशय राग आला. मग त्यांनी कागद चढवला आणि एकच ओळ टाइप केली.

सोमवारी सकाळी नाश्त्याच्या वेळी त्यांनी तो कागद स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला, शेजारी गोळ्यांचं पाकीट ठेवलं आणि ताईसाठी खुर्ची ओढली. ताई भिंत धरत धरत आली. तिचे ओठ निळसर दिसत होते.

"हे काय?"

"उतारा आहे. तपासून दे."

"मूळ प्रत कुठेय?"

"तूच. बस."

ताईने संशयाने बघितलं, पण नियम तो नियम. ती बसली. बाई उभ्या राहिल्या आणि वाचलं, "औषध कडू असतं, पण शहाण्या मुलीने ते मुकाट्याने घ्यावं. असं ताई म्हणाली, वय वर्षं अकरा. छकुली आजारी होती तेव्हा."

"चूक," ताई लगेच म्हणाली.

"काय चूक?"

"मी असलं काही म्हटलेलं नाही. मुकाट्याने म्हणे! तू पाच वर्षांची होतीस, तापाने फणफणलेली. चमचा बघितला की दात आवळायचीस. तुला कडू आहे म्हणून सांगितलं असतं तर तू आज असतीस का? काहीही काय टाइप करतेस!"

एकतीस वर्षांत बाईंनी पहिल्यांदा उतारा चुकवला होता, आणि तोही मुद्दाम. "मग काय म्हणायचीस तू?"

"मी आधी एक चमचा स्वतः घ्यायचे. तुझ्यासमोर. आणि म्हणायचे, गोड आहे."

"गोड होतं?"

"छे! जहर होतं नुसतं. पोटात ढवळायचं. तीन आठवडे, दिवसातून चार वेळा."

"म्हणजे तू खोटं सांगायचीस मला."

ताईला हे असं कुणी कधी विचारलं नव्हतं. "हो," ती शेवटी म्हणाली. "सांगायचे."

"मला पटत नाही," बाई म्हणाल्या. "मला सगळं कळायचं. तू घ्यायची नाहीस. नुसतं चमच्याला तोंड लावायचीस."

"नुसतं तोंड लावायचे?" ताई खवळली. चुकीचा उतारा एक वेळ ठीक, पण हा आळ होता. तिने पाकीट ओढलं, एक गुलाबी गोळी फोडून काढली आणि बाईंच्या डोळ्यांसमोर धरली. "ही बघ. अशी घ्यायचे. अशी!" तिने ती पाण्याशिवाय जिभेवर ठेवली आणि तोंड मिटलं.

गोळी विरघळायला लागली. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं, मान ताठ झाली, पण चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. सदुसष्ट वर्षांची ताई अकरा वर्षांच्या मुलीसारखी नजर रोखून बसली होती. तिने गिळली. मग धाकट्या बहिणीकडे बघून हसली.

"गोड आहे," ती म्हणाली.

बाईंनी ताईचा हात घट्ट धरला आणि ओक्साबोक्शी रडल्या, अगदी तापातल्या पोरीसारख्या. ताईने त्यांना रडू दिलं, मग पाण्याचा पेला ओढून घोटभर पाणी प्यायली आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"आता हे रोज सांगावं लागेल का तुला?" तिने विचारलं.

"सकाळ-संध्याकाळ," बाई म्हणाल्या.